हिंगोलीच्या पुढचा कोरा कागद

धनसिंग, तुझ्या तेराव्याला मी भरल्या ताटावरून उठलो. लोकांनी वाईट मानलं असेल, मानू दे. मी जेवतच होतो, चांगला दोन घास जास्तीचे घेत होतो, तर तुझी थोरली बहीण सकरीबाई माझ्या शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "भाऊ, नकाशावरच्या ज्या वाटा तुमी पुसल्या, त्या आमच्या बैलांच्या लदेणीच्या व्हत्या. मला वाटलं तुमाला ठाऊक असंल."

ओरडून न्हाई म्हणाली. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं म्हणाली.

मला ठाऊक न्हवतं. तू सांगितलं न्हवतंस. दीड वर्ष तू माझ्याशी बोलला न्हाईस, आणि त्या दीड वर्षात एकदासुद्धा, एका वाक्यानंसुद्धा, तू मला सांगितलं न्हाईस की मी काय केलंय. आणि मग तू सरळ मरून गेलास. ही कुठली रीत झाली रे? माणूस भांडतो, शिव्या देतो, दारात येऊन उभा राहतो. तुला हे सगळं येत होतं, माझ्यासोबत पस्तीस वर्षं तू हेच केलंस. मग नेमकं तेव्हाच तोंडाला कुलूप काहून लावलंस?

तुला आधीच सांगतो, हे लिहिणं गोडगोड होणार न्हाई. गोडगोड ऐकायचं असेल तर आपल्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर जा. तिथं तुझा फोटो टाकलाय, फुलांच्या चौकटीत, तोसुद्धा पंधरा वर्षांपूर्वीचा. खाली सत्तावन्न जणांनी हात जोडलेत. एकानं लिहिलंय, "अत्यंत मितभाषी व्यक्तिमत्त्व हरपले." मितभाषी! तू! ज्या माणसानं बोल्ड्याच्या स्टेशनातल्या सिग्नलच्या दांड्यावरून माझं डोकं अडीच तास खाल्लं, तो मितभाषी. मी त्याच्याखाली काहीतरी वेडंवाकडं लिहिणार होतो, पण बायकोनं फोन हातातून काढून घेतला.

आपली ओळखच भांडणातून झाली, हे त्या सत्तावन्नपैकी कुणाला माहीत आहे? मी तेव्हा एसटीत नवाच कंडक्टर लागलेलो, अंगात मस्ती होती. तू कनेरगावच्या अंगाला रेल्वेच्या फाटकावर गेटमन. तू फाटक पाडलंस आणि मालगाडी काही येईना. वीस मिनिटं झाली, गाडीतल्या बाया ओरडायला लागल्या, मी खाली उतरलो आणि तुझ्या खोलीच्या दारात जाऊन तुझा उद्धार सुरू केला. तू स्टोव्हवर चहा ठेवून बसला होतास. मान वर करून म्हणालास, "रेल्वे माझ्या बापाची न्हाई अन् तुझ्या बापाची बी न्हाई. गाडी येईल तव्हा येईल. चाय घेतूस का?"

मी चहा घेतला. शिव्या देत घेतला. जाताना तुझ्या खिडकीत पुठ्ठ्याचं जुनं तिकीट दिसलं, पूर्णा ते हिंगोली, तिसऱ्या वर्गाचं, कडा झिजलेल्या. मी हातात घेऊन बघायला लागलो तसा तू चटकन उठलास आणि म्हणालास, "हात पुसून घे आधी." त्या वाक्यावर मी तुझा झालो, सांगून ठेवतो. माझ्या पेटीत उलटा छापलेला एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा होता, वरिष्ठांनी फेकून द्यायला सांगितलेला आणि मी लपवून ठेवलेला. पुढच्या खेपेला मी तो तुला दाखवायला आणला. मागं गाडीत पॅसेंजर बोंबलत होते.

तिथून पुढं आपण काय काय गोळा केलं! तुझी हातबत्ती, टोकनचे गोळे, तिकिटावर तारीख उठवायचं यंत्र, मीटरगेजच्या रुळाचा तुकडा जो आपण दोघांनी कापडात गुंडाळून सायकलवरून आणला आणि सायकलचं चाक वाकलं. माझ्याकडं गावांच्या नावांच्या लाकडी पाट्या, जुने दरतक्ते, पंच, डेपोच्या भिंतीवरचे हातानं काढलेले मार्गांचे तक्ते. पुढं मी स्टँडवर कंट्रोलर झालो, तू मला नावानं हाक मारायचं सोडून कंट्रोलरच म्हणायला लागलास. घरच्यांनी आपल्याला भंगारवाले म्हणून सोडून दिलं. तू म्हणायचास एसटी म्हणजे रस्त्यावरची गंमत, खरं काम रेल्वेचं. मी म्हणायचो तुझी रेल्वे दिवसातून दोनदा येते, आमची लाल गाडी शिरड शहापूरच्या माणसाला त्याच्या दारात सोडते. हे भांडण कधी संपलं न्हाई. आता ते मी एकट्यानं करायचं का? दोन्ही बाजूंनी?

मग तो नकाशा आला, आणि सगळं त्याच्यापाशी येऊन अडलं.

कापसाची जुनी जिनिंग पाडत होते तेव्हा तूच फोन केलास. "लाईन क्लिअर हाय का?" गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनाला विचारतात ते, तुझं फोनवरचं पहिलं वाक्य कायम हेच, समोरून बायकापोरं उचलोत की कुणी. "कंट्रोलर, जसा असशील तसा ये." मी स्टँडवरून तसाच आलो. मुनीमाच्या खोलीत, फळीच्या मागं, कापडावर चिकटवलेला, गुंडाळी केलेला, निजामाच्या काळातला रेल्वेचा नकाशा. नावं एकीकडं उर्दूत, एकीकडं इंग्रजीत. स्टेशनांना बारीक काळे चौकोन. पूर्णा, बसमत, बोल्डा, आणि हिंगोली. हिंगोलीपाशी रूळ संपलेला, कारण तेव्हा तो तिथंच संपत होता. हिंगोलीच्या वर आणि डाव्या हाताला नुसता पिवळा पडलेला कागद, नद्यांच्या दोन निळ्या रेघा आणि काही न्हाई. आपण दोघं त्या धुळीत उकिडवे बसून बघत राहिलो. तू त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलंस, कागदाला न टेकवता, आणि म्हणालास, "हितं मी जन्मलो. हितं काहीच न्हाई म्हनं."

मी हसलो होतो. मला ते आता आठवतंय आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नकाशा कुणाचा, यावर आपण तीन दिवस भांडलो. खबर तुझी, पण फळी मी काढली. शेवटी ठरलं की सहा महिने तुझ्याकडं, सहा महिने माझ्याकडं, दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला अदलाबदल. आणि ती अदलाबदल तू कशी करायला लावलीस! तुझ्याकडं टोकनची ती वेताची मोठी कडी होती, टोपलीएवढी, जी चालत्या गाडीतून ड्रायव्हर हातात अडकवून घ्यायचा. जोवर टोकन हातात न्हाई तोवर एकेरी रुळावर गाडी हलायची न्हाई, हा तुमचा रेल्वेचा कायदा. तर नकाशाची गुंडाळी त्या कडीला बांधायची, देणाऱ्यानं हात लांब करून उभं राहायचं, आणि घेणाऱ्यानं चालत येऊन दंडात कडी अडकवून तसंच पुढं जायचं. थांबायचं न्हाई. मग वळून म्हणायचं, "लाईन क्लिअर." साठीच्या पुढची दोन माणसं दसऱ्याला, आपट्याची पानं हातात घेऊन, गल्लीत हा खेळ करायची. शेजारपाजारची माणसं ओट्यावर येऊन बघायची. मला लाज वाटायची आणि तरी मी दसऱ्याची वाट बघायचो.

आणि नियम मी घातला. मीच. जिनिंगच्या त्या खोलीतच तुझ्याकडून शब्द घेतला, "नकाशावर शाई लागता कामा नये. टाचणी न्हाई, चिकटपट्टी न्हाई, शाई तर अजिबात न्हाई." तू म्हणालास, "न्हाई लावनार शाई."

बराबर पाळलंस. शाई न्हाई लावलीस. पेन्सिल लावलीस.

आता माझी बाजू ऐक. जिता असताना ऐकली न्हाईस तर आता ऐक. गेल्याच्या आदल्या दसऱ्याला तू नकाशा दिलास. मी घरी जाऊन उघडला तर त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीच्या रेघा. फिक्या, बारीक, वाकड्यातिकड्या. मध्येमध्ये मुगाच्या दाण्याएवढे गोल. अक्षर न्हाई, नाव न्हाई, खूण न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं तू रिकामपणी गिरवत बसलास, न्हाईतर नजर गेली म्हणून काहीतरी मोजत होतास. विचारलं काहून न्हाई म्हणतोस? विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "कंट्रोलर, तुला काय करायचं," आणि मग आपलं भांडण झालं असतं, आणि पुण्याचा तो संग्राहक चार दिवसांवर येऊन ठेपला होता नकाशा बघायला. मला त्याच्यापुढं आपला नकाशा चकाचक दिसायला हवा होता. आपला म्हणतोय मी, माझा न्हाई. एवढं तरी लक्षात घे.

दोन दुपारी लागल्या. खोडरबर वापरलं न्हाई सुरुवातीला, पावाच्या आतला मऊ गर मळून त्यानं टिपलं, जुना कागद असाच साफ करतात. जिथं रेघ गडद होती तिथं मग मऊ रबर. बायको म्हणाली, जेवायला या. मी म्हटलं, थांब, धनसिंगनं करून ठेवलेला गोंधळ निस्तरू दे. किती जपून केलं ते मी! नदीच्या वरच्या एका गोलापाशी कागदाचा पापुद्रा सुटायला लागला तर मी श्वास धरून एका बोटानं घासलं. काम झाल्यावर मी हात पुसून लांबून बघितलं आणि मला माझंच कौतुक वाटलं. तुला खोटं सांगत न्हाई. मी खूश होतो.

पुण्याचा माणूस आला, बघून गेला. त्याच दिवशी मी त्याच्यापुढं तुझ्या हातबत्तीला म्हणालो की ती आपल्या लायनीची न्हाई, दुसरीकडची आहे, आणि तू नेमका नकाशा गुंडाळून ठेवल्यावर येऊन तिथंच बसला होतास. तुझा चेहरा पडला. हे लक्षात ठेव, कारण इथंच मी फसलो.

पाडव्याला मी नकाशा तुझ्या तांड्यावर घेऊन आलो, पुसेगावच्या पुढं, त्या उन्हाचा. कडी झाली, लाईन क्लिअर झालं. तू ओसरीत बसून गुंडाळी उलगडलीस. बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं, आता शाबासकी देईल.

"साफ केलास?" म्हणालास.

"व्हय. दोन दिवस लागले. बघ कसा निघालाय."

"रेघा व्हत्या थोड्या."

"थोड्या? पार भरून टाकला होतास की! म्हातारपणी लेकरू झालास काय?"

तू म्हणालास, "बरं केलंस." आणि सुनेला चहा टाकायला सांगितलंस. चहा आपण प्यालो. कापसाच्या बोंडअळीवर बोललो. मी निघालो तेव्हा तू बांधापर्यंत आलास, नेहमीसारखा. त्यानंतर तू माझा फोन उचलला न्हाईस.

मला वाटलं हातबत्ती. आईच्यान, दीड वर्ष मला वाटलं हातबत्तीचा राग आहे. मी मनातल्या मनात उत्तरं तयार केली. तिच्या काचेच्या खाचा, तिच्या झाकणावरची खूण, सगळा पुरावा गोळा केला. तू आलास की असं म्हणेन आणि तसं म्हणेन. गेल्या दसऱ्याला नकाशा माझ्याकडं यायची पाळी होती. मी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलो, आपट्याची पानं मांडीवर घेऊन. दुपार झाली. पानं मलूल झाली. मी फोन करू शकलो असतो. माझ्या नरसीहून तुझ्या पुसेगावला जायला किती वेळ लागतो, गाडी पकडून येऊ शकलो असतो, सगळ्या गाड्यांच्या वेळा मला झोपेत पाठ आहेत. पण मी म्हटलं, नकाशा त्यानं ठेवून घेतलाय, येईल तो. माझी पाळी आहे, मी काहून जाऊ. बायको म्हणाली, तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात. यंदाच्या पाडव्यालाही मी गेलो न्हाई. आता मला सांग, त्या खुर्चीवर बसून मी ज्या भांडणाची तयारी करत होतो ते भांडण नव्हतंच. तुझ्या पोटात दुसरंच होतं. दोन माणसं समोरासमोर गाड्या आणून उभी करतात आणि दोघांची लाईन वेगळी. याचा मला इतका राग येतोय की लिहिताना पेन कागदात घुसून राहिलंय.

तेराव्याला ताटावरून उठल्यावर मी सकरीबाईला बाजूला घेतलं, म्हटलं, नीट सांगा. तिनं सांगितलं. तुझा आजा लदेणीचा. तांड्याचे बैल, पाठीवर गोण्या, इकडून धान्य, येताना मीठ. रेल्वे आली, सडका झाल्या, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तुम्ही लोकांनी नांगर धरला. वाटा राहिल्या त्या गाण्यात. तुझी आई पोरांना झोपवताना मुक्कामांचं गाणं म्हणायची, पहिलं पाणी कुठं, दुसरं कुठं, बैल कुठं सोडायचे, नदी कुठं उतरायची. रिटायर झाल्यावर तू ते गाणं घेऊन पायी फिरलास, चार वर्षं, एकेक पाणी शोधलंस, आणि ज्या नकाशानं तिथं काही न्हाई म्हटलं होतं त्याच नकाशावर ते मांडलंस. दर सहा महिन्यांच्या पाळीत थोडं थोडं. माझ्याकडं द्यायच्या आधी तो स्वतः पुसून टाकायचा की काय, मी विचारलं, मला आधी कधी दिसलं न्हाई. सकरीबाई म्हणाली, व्हय, वहीत टिपून पुसायचा. शेवटच्या खेपेला सगळं पुरं झालं म्हणून ठेवलं. "म्हनला, कंट्रोलरला दाखवतो. तो इचारल, मग सांगतो."

मी विचारलं न्हाई.

"आणि वही?" मी म्हटलं.

"नकाशावर चढलं तव्हा वही पोराच्या पोरीला दिली गणितं करायला. कोरी पानं व्हती तिच्यात. शाळा सुटल्यावर गेली रद्दीत."

वा रे गड्या! ही तुझी चूक आहे. मी माझी कबूल करतो, ही तुझी तू कर. आयुष्यभर मला सांगायचास, तिकीट जप, पुठ्ठा जप, हात पुसून घे. आणि आपल्या बापजाद्यांची वाट पेन्सिलीनं काढतोस आणि वही देऊन टाकतोस! पेन्सिल काहून? तर मी शाईला बंदी केली म्हणून. अरे मग भांडायचं होतंस की माझ्याशी! म्हणायचं होतंस, कंट्रोलर, तुझा नियम गेला खड्ड्यात, ही गोष्ट शाईची आहे. मी दोन दिवस आदळआपट केली असती आणि तिसऱ्या दिवशी दौत घेऊन आलो असतो. तुला हे ठाऊक असायला पाहिजे होतं. पस्तीस वर्षांत एवढंही ओळखलं न्हाईस का मला? का तुला वाटलं, ह्याला आपलं काही कळायचंच न्हाई, ह्याच्या लेखी हिंगोलीच्या पुढं कोरा कागदच आहे? खरं सांग, असंच वाटलं ना? त्या एका गोष्टीनं मला झोप लागत न्हाई.

मी उठून निघालो तर सकरीबाई आत गेली आणि बाहेर आली ती कडी घेऊन. कडीला गुंडाळी बांधलेली. म्हणाली, "जायच्या आदल्या दिवशी म्हनला, दसऱ्याला कंट्रोलरची पाळी हाय, गेल्या साली चुकली. इसरू नका."

तेव्हा मी रडलो. तुझ्या ओसरीत, तुझ्या सुनेसमोर, मोठ्यानं. आणि रडताना सुद्धा मला राग येत होता की तू पाळी चुकली म्हणालास. तू चुकवलीस, चुकली न्हाई.

मी घरी गेलो न्हाई, पुसेगावातच रात्र काढली. तुमच्या पुसेगावच्या दुकानातून बिस्किटं घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी परत तांड्यावर हजर झालो. सकरीबाईला म्हटलं, गाणं म्हणा. ती म्हणाली, या वयात? मी म्हटलं, या वयातच, पुढं कधी म्हणणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई लाजली. मग लिंबाखाली बाजेवर नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले, आणि तिनं सुरू केलं.

तुला माहीत असेल, पण मला नव्हतं माहीत, की तिला ते गाणं मधूनच म्हणता येत न्हाई. पहिल्या पाण्यापासूनच म्हणावं लागतं. ती चौथ्यावर आली की मी विचारायचो, हे नदीच्या अल्याड का पल्याड, आणि ती थांबायची, आणि मग पहिल्यापासून. एकदा, दोनदा, सातदा. तुझी सून हसायला लागली. शेवटी सकरीबाई माझ्यावर डाफरली, "कंट्रोलर, गप बसता का? का मी उठू?" अगदी तुझा आवाज. मी गप बसलो. जन्मात पहिल्यांदा गप बसून ऐकलं. आंधळी विहीर. दोन दगडांचा उतार. बाभळीचं पाणी. जिथं काळा बैल बसला ते पाणी. मला ती नावं ठाऊक नव्हती आणि त्यातल्या निम्म्या जागांवरून मी वीस वर्षं गाडी नेली होती. तिकिटं फाडली होती तिथली.

गाण्यात सुरुवातीलाच येतं, सतरा पाणी. तिला बारा आठवतात. बाराव्याच्या पुढं ती अडते. डोळे मिटून बसते, ओठ हलतात, आणि मग मान हलवते. पुढचं गाणं येईपर्यंत पोरं झोपायची, म्हणाली, आई तिथंच थांबायची. तू ते कुठनं जोडलंस कुणास ठाऊक. पाच मुक्काम. माझ्या पावाच्या गरात गेले ते, आणि तो गर मी कोंबड्यांना टाकला.

मी खिशातून लाल पेन काढलं. स्टँडवर उशिरा आलेल्या गाड्यांची वेळ मी ज्या लाल रंगानं लिहायचो, तसलंच. तुझी सून म्हणाली, "मामा, नकाशावर?" तिला सुद्धा नियम ठाऊक! तू घरात सगळ्यांना सांगून ठेवलेला. मी म्हटलं, व्हय, नकाशावर.

पहिलीच वाट चुकली. मी सरळ कयाधू नदीवरून वर नेली. सकरीबाई म्हणाली, "आगं बाई, तिथनं न्हाई! बैल बुडतील. खालून वळसा हाय." म्हटलं, आता काय, शाई आहे. मग तिच्या शेजारून दुसरी काढली, वळसा घेऊन. म्हणजे आता तुझ्या नकाशावर एक चुकीची वाट आहे. ती माझी. राहू दे.

बारा गोल काढले, बारा नावं लिहिली. बसावं म्हणून अक्षर लहान करून, तुझ्यासारखं. संपलं असं वाटलं तेव्हा मी बोटं कागदावरून फिरवत होतो आणि पैनगंगेच्या जरा वर एका ठिकाणी कागद खरखरीत लागला. तोच पापुद्रा. जिथं मी श्वास धरून घासलं होतं. म्हणजे तिथं तुझा एक गोल होता, धनसिंग. हे मात्र मला ठाऊक आहे, मलाच ठाऊक आहे, कारण तो मीच पुसला. सकरीबाईला म्हटलं, इथं कुठलं पाणी? ती म्हणाली, आठवत न्हाई.

नकाशा माझ्याकडं आहे. पाडव्याला कडीला बांधून तांड्यावर आणून देईन, सकरीबाई म्हणाली आहे की तिला चालत येऊन कडी घेणं जमणार न्हाई, ती बाजेवर बसून घेईल. चालेल म्हटलं. तोवर ती रोज पहिल्यापासून म्हणून बघणार आहे. तेरावं पाणी सापडलं तर फोन करायचं कबूल केलंय. लाईन क्लिअर म्हणायला शिकवलंय तिला.

त्या खरखरीत जागी मी तेरावा गोल काढलाय. नाव घातलं न्हाई, जागा ठेवलीय. शाईनं काढलाय. आता तो कुणाच्या बापाला पुसता येणार न्हाई, आणि मला तर अजिबातच न्हाई.